दादाजींचं विमान

१९ एप्रिल. सकाळपासून मिरच्यांची देठं खुडते आहे. वर्षाच्या तिखटाचं काम, ऊन कडक आहे तोवर उरकायला हवं. मध्येच प्राचीचा फोन आला. प्राची म्हणजे माझ्या भावाची, मिलिंदची मुलगी. नागपूरला नोकरी करते. मिलिंद गेल्या हिवाळ्यात गेला. त्याच्या जाण्यानंतर भेटायला आलेल्या कोणा म्हाताऱ्याने तिला विचारलं होतं, ‘तू विमानवाल्याची पोरगी नं?’ तो प्रश्न तिच्या डोक्यात इतके महिने अडकून राहिलेला. ‘आत्या, विमानवाला म्हणजे काय?’ मी म्हटलं, तो तरुणपणी जुन्या विमानांची चित्रं पाहून विमानं बनवायचा. तिने ‘ओह, किती छान’ असं म्हटलं आणि मी फोन ठेवला. छान नव्हतं. पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून मिरच्या झाकून ठेवून लिहायला बसले आहे.

आम्ही मारेगावच्या अलीकडे कापसाच्या एका जिनिंगच्या आवारात राहत होतो. बाबा तिथे फिटर होते. आवाराच्या मागच्या भिंतीला लागून कामगारांच्या खोल्यांची ओळ होती, टिनाच्या छताची, त्यातली शेवटची आमची. खोली भाड्याची नव्हती. घरातल्या कोणाचं तरी नाव जिनिंगच्या हजेरीवर असलं की खोली मिळायची, नाव उतरलं की खोली सोडायची. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की कापसातून सरकी काढणारे रेचे रात्रंदिवस चालत. त्यांचा धडधड आवाज जमिनीतून खाटेच्या पायांत आणि तिथून आमच्या दातांत यायचा. हंगाम संपून रेचे बंद झाले की पहिले काही दिवस आम्हाला झोप यायची नाही. हवेत सरकीचा तेलकट वास आणि कापसाचा बारीक भुरा. माय भाकरी थापायला बसली की पीठ झाकून ठेवायची, तरी भाकरीवर एखादा धागा निघायचाच. ‘खा, कापूसच आहे, इष नाही,’ ती म्हणायची. भाकर, जवसाची चटणी, आणि अंबाडीची भाजी असली तर त्यात ज्वारीच्या कण्या घातलेल्या. रविवारी बाजारातून सुकट आली की अख्ख्या ओळीला कळायचं.

मशीनला लागणारं तेल विकणाऱ्या कंपनीचं एक कॅलेंडर ऑफिसात दर वर्षी यायचं. एका वर्षीच्या कॅलेंडरवर जुनी विमानं होती. फोटो नव्हते, रंगांनी काढलेली चित्रं होती. वर्ष संपल्यावर बाबांनी ते रद्दीतून उचलून आणलं, खरं तर मायला मांडणीवर अंथरायला. मिलिंदने ते मायच्या हातून घेतलं ते पुन्हा दिलं नाही. तारखांचा भाग त्याने कापून टाकला आणि पानं खाटेच्या वरच्या भिंतीवर खळीने चिकटवली. एकावर एक दोन पंखांची विमानं, तीन पंखांचं एक तांबडं, कापड ताणून बसवलेले पंख, मधे आडव्या-तिरप्या तारा. उघड्यावर बसलेला चालक, डोळ्यांवर मोठा चष्मा. खाली शेतं, आणि एका चित्रात विमानाकडे मान वर करून पाहणारी गाय. ती गाय मात्र चित्रकाराला नीट जमली नव्हती. माय म्हणायची, ‘हे गाय आजारी आहे.’

मिलिंद तेव्हा मारेगावला कॉलेजात जात होता. माझी दहावी. तो अभ्यासात बरा होता, पण हाताने फार चांगला होता. हिवाळ्यात ज्वारी कापली की धांडे मिळायचे. त्यांची वरची चिवट साल काढली की आत हलका पांढरा भेंड असतो. आमच्याकडची सगळी पोरं त्याच्या बैलगाड्या करतात. मिलिंदने त्याची विमानं केली. सालीच्या पट्ट्यांची फासळी, भेंडाचं अंग, त्याहून मोठं करायचं असलं की बांबूच्या कांबी. पंखांना पतंगाचा कागद, चिकटवायला बाभळीचा डिंक. तारांच्या जागी मायचा शिवणाचा दोरा, आणि तो संपला की घरात भांडण.

त्याची एक अडचण होती. चित्रात विमानाची एकच बाजू दिसते. सगळी विमानं डावीकडून काढलेली होती. उजवीकडे काय असेल ते तो तासन् तास चित्राकडे बघून ठरवायचा.

‘इकडंबी तसंच असंन,’ मी एकदा म्हटलं.

‘तुह्या तोंडाचं तरी आहे काय दोन्हीकडून सारखं?’ तो म्हणाला. ‘एकीकडं देवी निघाल्या, एकीकडं नाही.’

‘मंग ते बाजू भितीकडं कर. कोण पाह्यते?’

‘मी पाह्यतो नं वं.’

आज दुपारी प्राचीने फोनवर चित्रांचा ढीग पाठवला. असली जुनी चित्रं आता कुठेही सापडतात म्हणे. आमच्या भिंतीवरच्या त्या दोनपंखी विमानाचं उजवीकडून काढलेलं चित्र मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मिलिंदने अंदाजाने शेपटाजवळ लावलेली एक तिरपी काडी तिथे नाही. बाकी सगळं आहे. त्याला दाखवायला हवं होतं एवढंच मनात आलं आणि मी मोबाईल पालथा ठेवला.

त्याची विमानं उडतही. जिनिंगच्या आवारात कापसाची गंजी लागे, दुमजली घराएवढी. मिलिंद तिच्यावर चढून विमान सोडायचा आणि ते पलीकडच्या गंजीत अलगद शिरायचं, तुटायचं नाही. कामगार हात थांबवून बघत. एकदा वाऱ्याने एक विमान मालकांच्या घराच्या ओसरीत गेलं. मालक म्हणजे शेठजी. त्यांचे पूर्वज कापसाच्या धंद्यासाठी वर मध्य प्रदेशाकडून आलेले, घरात हिंदी बोलत. ओसरीत त्यांचे म्हातारे वडील खुर्चीत बसून असत. सगळे त्यांना दादाजी म्हणत. मिलिंद विमान आणायला गेला, तो शिव्या खायच्या तयारीने. दादाजींनी ते विमान मांडीवर घेतलं होतं. ‘तूने बनाया?’ त्यांनी विचारलं, ते उलटं करून पोट पाहिलं, आणि म्हणाले, ‘हम तो कभी बैठे नहीं इसमें.’ मग परत दिलं. एवढंच. पण मिलिंद ते घरी येऊन तीनदा सांगत बसला. बाबांनाही बरं वाटलं असावं, कारण त्या संध्याकाळी ते भिंतीवरच्या चित्रांपुढे जरा वेळ उभे राहिले.

इथे आमच्या आजोबांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते मुकुटबनकडच्या एका खेड्यात राहत. त्या काळी गावात कोणी मेलं की आमच्या लोकांनी सरपण न्यायचं, बांबू तोडून आणायचे, पाहुण्यांच्या गावोगाव मयताचा निरोप घेऊन पायी जायचं. बदल्यात भाकरी आणि मयताच्या अंगावरचं कापड. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि पुढच्याच मयताला ‘नाही येत’ म्हणून सांगितलं. गावाने त्यांना पाणी, किराणा, शेताची वाट सगळं बंद केलं. त्यातून बाबा जिनिंगला आले. बाबा फारसे धार्मिक नव्हते, दारूही कधीमधी घेत. पण एक गोष्ट पक्की होती: दुसऱ्याच्या मयताच्या कामाला हात लावायचा नाही. ओळीतल्या एखाद्या शेजाऱ्याचं झालं तर जात, खांदा देत, मातीही टाकत. पण ‘या, बांधून द्या’ असं कोणी फर्मावलं तर नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला दादाजी आजारी पडले. मग एका दुपारी मुनीमजी आमच्या दारात आले. मुनीमजी आमच्याकडचेच मराठी माणूस, जिनिंगची हजेरी त्यांच्याच हातात. ते सहसा ओळीकडे येत नसत. बाबा कामावर होते. मुनीमजी धोतराचा सोगा हातात धरून उंबऱ्याबाहेरूनच बोलले.

‘मिलिंद, दादाजीचं काही खरं नाही रे बापू. डाक्टरनं हात टेकले. शेठजीची इच्छा आहे, दादाजीसाठी विमान पाह्यजे. मस्त पाह्यजे. लोकाईनं पाह्यत राह्यलं पाह्यजे.’

‘मी करू?’

‘मंग कोण? बांबूत तुह्या हाताले तोड नाही, सारी जिनिंग म्हणते. बांबू गोदामातून घे, सुतळी घे. वेळेवर धावपळ नको.’

‘केवढं करू?’

‘मोठं कर, मोठं. दादाजी काय लहान माणूस आहे?’

मी आणि माय तिथेच होतो. आम्ही हे शब्द ऐकले आणि आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मरणाऱ्या माणसाने कधी काळी विमान मांडीवर घेतलं होतं, त्याच्या मुलाच्या ते लक्षात राहिलं, इतका सरळ अर्थ होता.

मिलिंदने कॉलेज बुडवून ते केलं. भिंतीवरचं दोनपंखी, खाटेएवढं लांब. एवढं मोठं त्याने कधी केलं नव्हतं. बाबा कामावरून आले की त्याच्याजवळ उकिडवे बसून बघत. आतापर्यंत ते त्याच्या कामाला ‘कागदाचे धंदे’ म्हणत. आता त्यांनी जिनिंगच्या लेथवर सागवानी तुकड्याची दोन चाकं कातून आणली, न विचारता. मिलिंदने ती बसवली तेव्हा बाबा म्हणाले, ‘तेल देजो, नाही तं किरकिर करतीन.’ माय म्हणाली, ‘चालवता काय त्याच्यात बसून?’ त्या दिवसांत आमच्या घरात हसणं होतं, हे मला आठवतं.

दादाजी एका सकाळी गेले. रेचे बंद झाले. भोंगा वाजला नाही. सगळे कामगार मालकांच्या अंगणात जमले, बायका कुंपणाच्या भिंतीशी. थोड्या वेळाने मुनीमजींचा माणूस ओळीत आला, ‘मिलिंद, विमान आण म्हणते.’ मिलिंदने धुतलेला सदरा घातला. विमान डोक्यावर घेतलं, पंख कोणाला लागू नयेत म्हणून बाजूने चालत अंगणात आला आणि ओसरीच्या पायरीपुढे ते खाली ठेवलं. चाकं होती म्हणून ते जरासं पुढे गेलं.

मग मागे कोणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

शेठजी ओसरीवर उभे होते, डोळे सुजलेले. ‘ये क्या है?’ त्यांनी मुनीमजींना विचारलं.

आम्हाला त्या क्षणी कळलं ते असं. त्यांच्या घरच्या बोलीत, वय पूर्ण करून, नातवंडं-पतवंडं पाहून गेलेल्या माणसाची तिरडी साधी नसते. बांबूच्या कमानी उभारून, झिरमिळ्या, फुलं लावून ती मंदिरासारखी सजवतात, वाजतगाजत नेतात, आणि तिला विमान म्हणतात. मुनीमजी त्या घरात इतकी वर्षं वावरलेले, त्यांच्या तोंडी तो शब्द बसलेला. ते आमच्या दारात येऊन तिरडी सांगून गेले होते. आणि मिलिंदलाच का, तेही आता ते मोठ्याने म्हणाले.

‘अरे, तिरडी सांगतली होती तुले. तिरडी. हे काय खेळणं घेऊन आला? बांबू-सुतळीचं काम तुमच्या लोकाईचं, पिढ्यान्‌पिढ्या करत आले, तुमाले समजाले पाह्यजे नं.’

मिलिंद विमानाकडे बघत होता. मला वाटतं, त्याला तोवर आपली चूक कुठे झाली तेच समजलं नव्हतं. बाबा गर्दीतून पुढे आले.

‘पोरानं चूक नाही केली, मुनीमजी. तुमी विमान म्हटलं, त्यानं विमान आणलं.’

‘बरं झालं ते झालं, देवराव,’ मुनीमजी म्हणाले. ‘बांबू पडले आहे तिथं, सुतळी आहे. बाप-लेक बसा अन् बांधून टाका. पाहुणे येऊन राह्यले.’

‘ते आमच्यानं होत नाही.’

‘काहून होत नाही?’

‘तुमाले माहीत आहे काहून.’ मग बाबा शेठजींकडे वळले. हात जोडले नव्हते, पण आवाज चढलेला नव्हता. ‘शेठजी, दादाजी चांगले माणूस होते. मी खांदा देतो. घाटापावतर चालतो. बांधून देणं नाही.’

ओसरीच्या आत बायका रडत होत्या ते स्पष्ट ऐकू यायला लागलं. तिरडी बांधायला आम्ही चालत होतो. खांद्याला चालत नव्हतो. ते कोणी कधी बोलून दाखवलं नव्हतं, कारण कोणी कधी विचारलंच नव्हतं. शेठजींनी बाबांकडे पाहिलं, मग नजर काढून घेतली आणि आत गेले. मुनीमजी पायरी उतरून बाबांच्या जवळ आले आणि हळू, समजावल्यासारखं म्हणाले, ‘देवराव, मयताच्या दारात त्वा हे बोलायले नको होतं. आता बांध, नाही तं संध्याकाळपावतर खोली खाली कर. हंगामबी सरत आला आहे. फिटर काय, मारेगावात चार भेटतीन.’

मायने माझा दंड धरला. तिची नखं मला रुतली. बाबा हलले नाहीत. ते नाही म्हणणार हे मला दिसत होतं, मायला दिसत होतं, आणि मिलिंदलाही. कारण तो मधे गेला. ‘बाबा, तुमी घरी जा,’ म्हणाला, आणि बांबूंच्या ढिगापाशी जाऊन खाली बसला.

बाबांनी त्याला हाक मारली. एकदाच, नावाने. त्याने वर पाहिलं नाही. कोयता घेऊन पहिला बांबू चिरला. बाबा वळले आणि गर्दीतून निघून गेले. लोकांनी त्यांना वाट दिली.

ती तिरडी फार चांगली झाली. मी भिंतीशी शेवटपर्यंत उभी होते. कांबी वाकवून त्याने कमानी उभ्या केल्या, त्या हलू नयेत म्हणून मधे तिरपे ताण दिले, जसे तो पंखांमध्ये दोऱ्याचे द्यायचा तसे. मग घरातल्यांनी वर फुलं चढवली. आलेले पाहुणे खरोखरच बघत राहिले. एका बाईने विचारलं, ‘किसने बनाया?’ कोणीतरी त्याच्याकडे बोट केलं आणि म्हणालं, ‘वो विमानवाला.’ ते नाव तेव्हा पडलं. बँड लागला, मिरवणूक निघाली. मिलिंद मागे राहिला. घाटापर्यंत चाल असं त्याला कोणी म्हटलं नाही. त्याचं स्वतःचं विमान पायरीपुढून कुणीतरी उचलून चपलांच्या बाजूला ठेवलं होतं. ते त्याने घरी आणलं नाही. पुढे आयुष्यात त्याने बसगाड्यांचे सांगाडे जोडले, दुसऱ्यांच्या पोरांना पतंगही करून दिला नाही.

दिवस मावळताना बाबा आले. खोलीत शिरले नाहीत, बाहेर बाजेवर बसले. मायने ताट नेलं, ते तसंच राहिलं.

‘उद्यापासून मी जिनिंगात जात नाही,’ ते म्हणाले.

‘अन् खोली?’ मायने विचारलं.

‘ज्यानं बांधलं, त्याले इचार.’

मिलिंद आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याने ते ऐकलं. मायने मग जे म्हटलं ते मी तसंच लिहिते: ‘तुमी नाही म्हणून मोठे झाले. त्यानं हो म्हणून काय कमावलं? मले, पोरीले छपरात ठेवलं. एवढं तरी पाहा.’ दोघांतलं कोण बरोबर होतं याचा मी नंतर फार विचार केला नाही. मायचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं, आणि बाबांचाही शब्द खोटा नव्हता. ते पुन्हा कधी त्या खोलीत राहिले नाहीत. भेटायला यायचे, बाजेवर बसून चहा प्यायचे, मिलिंदशी पावसापाण्याचं बोलायचे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाबा पिशवी घेऊन मुकुटबनच्या गाडीला निघाले. त्यांचा धाकटा भाऊ तिकडे शेती करत होता. ते गेले म्हणजे हजेरीवरचं नाव गेलं, आणि नाव गेलं की मिलिंदने जे केलं ते फुकट. मिलिंद उठून सदरा घालायला लागला. ‘मी जातो हजेरीवर,’ म्हणाला. मी त्याला नाही म्हटलं. तो एकदा त्या हजेरीवर चढला की मालकांच्या सोयऱ्याधायऱ्यांत कोणीही गेलं तरी बोलावणं त्यालाच येणार, एवढं मला कळत होतं. ‘तू बाबाच्या मागं जा,’ मी म्हटलं. ‘गाडी सुटाची आहे अजून. त्याईच्या संग बस. बोलू नको, फक्त बस.’ तो गेला.

मग मी वेणी घातली, शाळेचा ड्रेस घडी करून ठेवला, मायचं जुनं लुगडं नेसले आणि गेटवर गेले. कापसातली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, आणि पाला निवडायला बायका लागत, त्यांची ओळ तिथे उभी होती. मुनीमजी टेबलाशी बसले होते.

‘तू कायले आली? भावाले पाठव नं. त्याच्या हाताले काम आहे.’

‘तो गावाले गेला. माहं नाव लिहा.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला ते लहानपणापासून ओळखत होते.

‘वय?’

‘अठरा.’

त्यांनी अठरा लिहिलं. मी आत गेले. बायकांच्या ओळीत एक जागा रिकामी होती. शेजारची म्हणाली, ‘पोरी, नाकाले बांध, नाही तं खोकशीन.’ मी पदर नाकाला बांधला आणि बसले.